तिच्या घरचं अन्न

दसरा झाला की आमच्या कोल्हापूरच्या मंडईत सफरचंदांचे ढीग लागतात, आणि मी दरवर्षी एक मूर्खपणा करते. कोंबडी शिजवून गार करते, तिचे धागे सोडवते, त्यात सफरचंद, काळी द्राक्षं, शेंगदाणे, दही, मध असं सगळं घालून एक मोठं पातेलंभर सॅलड करते. घरची माणसं समजूतदार आहेत. दोन घास खातात, छान झालंय म्हणतात आणि तांबड्या रश्श्याकडे वळतात. त्यांचा दोष नाही. मला ते कधी जमलंच नाही. ज्या माणसाला जमत होतं तो जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, आणि त्यानं ते कुणाला शिकवलं नाही. शिकवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटतही नव्हतं.

मी तेव्हा पंचविशीत होते. केंद्र सरकारच्या एका शाळेत हिंदी शिकवायची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक म्हैसूरला झाली. सरस्वतीपुरममध्ये एका घराच्या माडीवर एक खोली, एक मोरी आणि गच्चीचा तुकडा भाड्यानं मिळाला. घरमालक मराठी आहेत असं कळल्यावर मी हरखून गेले. पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलले आणि निम्मं समजलं नाही.

‘वर पाणी साडेसहाला येतंय. नळ सोडून सुम्ने बसू नका. टाकी भरली की बंद करा. आयतु?’

सुम्ने म्हणजे उगाच, आणि आयतु म्हणजे झालं, कळलं, ठरलं असं सगळंच, हे मला आठवडाभरात पाठ झालं. त्यांचे पूर्वज कधीतरी महाराष्ट्रातून रंगाऱ्याचा धंदा घेऊन तिकडे गेले होते. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कापड रंगवायचं, ठसे मारायचे, हे घराण्याचं काम. पुढे तो धंदा बसला, आणि हे एका रेशमाच्या कारखान्यात रंगखात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. एक मुलगी होती, ती परदेशात. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी त्यांना काका म्हणायची, ते मला टीचर.

राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी शाळेतून परत आले तर गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या तिन्ही साड्या कुणीतरी उलट्या करून सावलीतल्या दोरीवर टाकल्या होत्या. मी तणतणत खाली गेले. परक्या बाईच्या साड्यांना हात लावायचा म्हणजे काय? ते ओट्यावर बसून शेंगा निवडत होते.

‘ती मोरपंखी साडी चांगली आहे,’ ते म्हणाले. ‘सुलटी उन्हात टाकलात तर दोन महिन्यांत भुरकी होतीय. तुम्ही उलटी घालत जावा, मग मी हात लावत नाही.’

माझं भांडण तिथंच बारगळलं, कारण समोरच्याला भांडण चाललंय याचा पत्ताच नव्हता. ती साडी मी पुढे वीस वर्षं नेसले. रंग जसाच्या तसा राहिला.

रंगाचं त्यांना वेडच होतं. दिव्याखाली रंग खोटं बोलतो, हे त्यांचं पालुपद. कारखान्यात छटा जुळवायची तर उत्तरेच्या खिडकीशी, दिवसाउजेडी, असा दंडक होता, आणि तो त्यांनी घरी स्वयंपाकालाही लावला होता. भाजी आणायची ती उन्हं असताना. स्वयंपाक करायचा तो चारच्या आत. दिवस मावळल्यावर त्यांनी चूल पेटवलेली मी कधी पाहिली नाही. रात्री दुपारचं गार अन्न खायचं, तेही मन लावून. शिजवताना चव बघायच्या आधी ते पळीभर कालवण पांढऱ्या बशीत ओतून खिडकीशी न्यायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. मग म्हणायचे, मीठ कमी आहे. आणि मीठ कमीच असायचं.

माणसांचीही त्यांनी दोन भागांत वाटणी केली होती, कच्च्या रंगाची आणि पक्क्या रंगाची. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कच्चे, दूधवाली पक्की. माझा निकाल त्यांनी दोन वर्षं राखून ठेवला होता. ‘अजून धुवून बघितलं नाही,’ म्हणायचे.

स्वतः मात्र ते पक्क्यातले पक्के. तोंडातून शब्द गेला की गेला. एकदा शहर बसमध्ये सुट्या पैशांवरून त्यांची आणि कंडक्टरची वादावादी झाली. चूक यांचीच होती, हे ते स्वतः सांगायचे. पण रागाच्या भरात बोलून गेले, की या नंबरच्या बसमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही. झालं. घरासमोरून बाजाराला जाणारी तेवढीच सोयीची बस, आणि हे अकरा वर्षं पिशवी घेऊन देवराज मार्केटला पायी जात होते. पाऊस असला तर दुसऱ्या नंबरच्या बसनं भलत्याच दिशेला जायचे आणि तिथून वळसा घालून यायचे. कारण शब्द दिला होता तो नंबरबद्दल, बसबद्दल नाही. अकरा वर्षांनी त्या मार्गाचा नंबर बदलला. त्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून ते पहिल्याच बसमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि मार्केटपर्यंत जाऊन, काही न घेता, परत आले.

ही गोष्ट ऐकून मी पोट धरून हसले होते. माणूस शब्द मोडत नाही, पण शब्दाला दार कुठं आहे ते शोधत बसतो, याची मला गंमत वाटली. त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे, हे मला फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जिन्याखालून हाक आली. ‘टीचर, जेवायला या. कोंबडी आहे.’

शाळा जूनमध्ये सुरू झाली होती, दिवाळीत मी चार दिवस घरी जाऊन आले होते, आणि तेवढं सोडलं तर आठ महिने मी वांगी, बीन्स आणि सारावर काढले होते. कोल्हापूरच्या मुलीला कोंबडी आहे म्हणून सांगितल्यावर तिचं काय होतं ते कोल्हापूरकरांनाच कळेल. मी केससुद्धा न विंचरता खाली उतरले. समोर पांढऱ्या थाळीत गारढोण, फिकट कोंबडीचे धागे होते, आणि त्यांच्यात सफरचंदाच्या फोडी, द्राक्षं आणि पांढरं दही. रस्सा नाही, भाकरी नाही. वाटलं, पुन्हा माडीवर जावं आणि दार लावून घ्यावं.

ते उत्सुकतेनं बघत होते. मी घास घेतला. कोंबडी गोड लागली, दही आंबट लागलं, आणि मग सफरचंद दाताखाली आलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. गाल आतून ओढले गेले. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

‘काका, यात काय घातलंय?’

‘कशात?’

‘सफरचंदात.’

‘तुरटी,’ ते म्हणाले. ‘चिरलं की काळं पडतंय. पक्कं करायला नको?’

लिंबू पिळलं असतं तरी झालं असतं. पण रंगाऱ्याच्या घरी काही पक्कं करायचं तर तुरटीच. चार वर्षं हा माणूस वर्षातून एकदा तुरटीच्या पाण्यातलं सफरचंद खात होता आणि त्याला वाटत होतं, तिकडची चव अशीच असते.

‘पण हा पदार्थ कुठला?’ मी विचारलं.

मग त्यांनी आतून एक पत्र आणलं. मुलीचं. मी हात पुढे केला आणि पाहिलं तर सगळं कानडी लिपीत. म्हटलं, मला कानडी येत नाही. ‘कानडी कुठं आहे?’ म्हणाले. ‘मराठीच आहे की.’ आणि वाचायला लागले, तर खरंच मराठी. त्यांच्या घरात बोलणं मराठी, पण शाळा कानडी, म्हणून एकमेकांना पत्रं लिहायची ती कानडी अक्षरांत मराठी. माझीच भाषा माझ्या हातात होती आणि मला एक अक्षर लागत नव्हतं. ते वाचत होते तेव्हा मात्र सगळं समजत होतं.

‘अप्पा, इथं पानं गळायच्या दिवसांत सगळ्यांच्या घरी एक सलाड करतात. कोंबडी शिजवून गार करायची. त्यात सफरचंद, काळी द्राक्षं, अक्रोड. एक पांढरी कुरकुरीत काडी असते, तिला सेलरी म्हणतात, आपल्याकडं नाही. अंड्याचं पांढरं सार असतं, त्यात मध आणि वाटलेली मोहरी. गोड आणि खारट एकदम लागतं. पहिल्यांदा मला आवडलं नाही, आता आवडतं. तुम्हांला आवडेल, कारण गारच खायचं असतंय.’

एवढं वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. दारासमोर होंगेचं झाड होतं, आपल्याकडचा करंज. त्याची पानं फेब्रुवारीत गळायची. त्यांनी दाराकडे हात केला. ‘पानं गळायला लागली की मी करतो. चौथं वर्ष.’

मी मास्तरीण. चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘काका, तिकडं पानं आत्ता नाही गळत. ऑक्टोबरमध्ये गळतात. आपल्या दसऱ्याच्या आगेमागे.’

‘मग आत्ता तिथं काय असतंय?’

‘बर्फ.’

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, ‘म्हणजे ती जेवून उठल्यावर चार महिन्यांनी मी ताटावर बसलो. चारही वर्षं.’

मी जीभ चावली. पण बोलून गेलेलं परत येत नाही, हे मी कुणाच्या घरात बसून शिकत होते ते काय सांगावं!

त्या दुपारी बाकीचं कळलं. मुलगी नर्सिंग शिकत होती. बरोबरच्या एका मंगळूरच्या ख्रिश्चन मुलाशी तिनं लग्न ठरवलं आणि वडलांना येऊन सांगितलं. हे जेवत होते. पोरीला एकट्यानं वाढवलेलं, तिनं आधी विचारलं नाही याचा घाव बसला. ताटावरून न उठता म्हणाले, ‘या घरचं अन्न तुला संपलं.’ आणि वर म्हणाले, ‘पत्र लिहू नको, मी लिहिणार नाही.’ ती गेली. लग्न केलं, परदेशी गेली. ‘लिहू नको’ हे तिनं ऐकलं नाही. वर्षाला तीन-चार पत्रं यायची. ‘मी लिहिणार नाही’ हे यांनी पाळलं.

‘ख्रिश्चन म्हणून का?’ मी विचारलं.

‘छे हो. मुलगा चांगला आहे. एकदा घरी आलेला, ताट धुवून ठेवलेला.’ मग म्हणाले, ‘राग आला होता. आला तसा गेला. पण म्हटलो ते म्हटलो. एन माडोदु, काय करायचं?’

‘आणि हे सॅलड?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ. ‘माझ्या घरचं अन्न तिला संपलं म्हटलो. तिच्या घरचं अन्न मला संपलं, असं कुठं म्हटलो?’

उरलेलं सॅलड मी तुरटीसकट संपवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत वाचन घेताना जीभ जड होती.

त्या वर्षी ऑक्टोबरपासून सगळं रीतसर झालं. नवरात्रात त्यांच्याकडे मांस वर्ज्य, म्हणून विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं. ‘तिकडंही हेच दिवस ना?’ त्यांनी मला तीनदा विचारून घेतलं. तुरटी मी बंद केली आणि लिंबू आणवलं. बाकी हळूहळू बदलत गेलं, म्हणजे ते बदलत गेले आणि मी टाळ्या वाजवत गेले. अंड्याचं सार कसं करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तिथं रात्रभर फडक्यात टांगलेलं दही आधीपासूनच होतं. अक्रोडाला मार्केटमध्ये भलती किंमत सांगितली तेव्हा भाजलेले शेंगदाणे आले. कुरकुरीत काडीसाठी त्यांनी दोन दिवस मार्केट पालथं घातलं, प्रत्येक देठ मोडून त्याचा आवाज ऐकला आणि शेवटी केळीचा गाभा घेऊन आले. चकत्या करून, बोटाभोवती तंतू गुंडाळून काढून, ताकाच्या पाण्यात टाकलेला. मध कोडगूचा, म्हणजे कुर्गचा. एक हिरवी मिरची माझ्या हट्टासाठी. आणि सगळं मिसळून बशी खिडकीशी नेऊन बघितल्यावर ते म्हणाले, ‘रंग बसला नाही.’ कढल्यात तेल तापवून मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी वरून ओतली. चर्र झालं. पुन्हा बशी खिडकीशी नेली, पुन्हा बघितली आणि मान हलवली.

ते सॅलड मी शपथेवर सांगते, आयुष्यात खाल्लेल्या चांगल्या अन्नातलं एक होतं. गोड, खारट, थोडं तिखट, थंड. तोंडात सफरचंद आणि गाभा एकदम मोडायचे. आम्ही दोघांनी उंबऱ्याशी बसून थाळ्या रिकाम्या केल्या. ‘आत्ता तिथं सकाळ झाली नसेल,’ ते म्हणाले. ‘उठल्यावर करेल.’ ती खरंच करत असेल का, हे कुणाला माहीत होतं? पण त्यांनी हात धुताना घड्याळ बघितलं.

त्यांना मुलगी हवी होती. इतकं साधं होतं ते. सहासष्ट वर्षांचा माणूस, थंडीत रात्रभर खोकायचा. त्याला मुलगी बघायची होती, आणि तिला आपल्या हातचं वाढायचं होतं. आणि मध्ये उभा होता त्याचा स्वतःचाच शब्द, ज्याचा नंबर कुणी बदलून देणार नव्हतं.

मी एक आगाऊपणा केला. पाकिटामागचा पत्ता मला पाठ झाला होता, तो इंग्रजीत होता. मी तिला पत्र लिहिलं, देवनागरीत. ती शाळेत हिंदी शिकलेली असणार, वाचता येईल असा हिशेब. लिहिलं की तुमचे वडील दरवर्षी तुमचं सॅलड करून खातात. खोकतात. तुमचं पहिलं पत्र उशीखाली आहे. आणखी काय लिहिलं ते आठवत नाही, पण पत्र टाकून आल्यावर आठ दिवस मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

जानेवारीत उत्तर आलं. माझ्या नावावर. उघडलं तर सगळं कानडी अक्षरांत.

ती तिच्या बापाची मुलगी होती. मला वाचता येणार नाही, आणि वाचून घ्यायला मी कुणाकडे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक असणार. शाळेत कानडी वाचणारे ढीगभर होते, त्यांना निम्मं मराठी कळलं नसतं. मी पत्र घेऊन खाली गेले आणि चोरी कबूल केल्यासारखं त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. ‘तुम्ही लिहिलात?’

‘हो.’

‘मी लिहिणार नाही म्हटलो होतो,’ ते म्हणाले. ‘टीचर लिहिणार नाहीत, असं म्हटलो नव्हतो.’ आणि चष्मा लावला.

मला आलेलं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात. ‘अप्पांचा खोकला कोरडा आहे का ओला? अजून साड्या उलट्या करतात का? तुमची साडी उलटी केली असेल तर राग धरू नका.’ मग एके ठिकाणी ते थांबले. पान खिडकीशी नेलं, परत आणलं. ‘इथं अक्षर लागत नाही,’ म्हणाले आणि पुढच्या परिच्छेदाला गेले. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. शेवटी लिहिलं होतं की येत्या दसऱ्याला येते, रजा एकटीलाच मिळाली आहे, राहायची सोय बघून ठेवा.

पुढे माझी बदली झाली आणि तिसऱ्या वर्षी ते गेले. तिचं पत्र आलं, पुन्हा तसंच, कानडी अक्षरांत. यावेळी वाचून दाखवायला ते नव्हते. गडहिंग्लजकडच्या एका ओळखीच्या बाईंनी वाचून दिलं. त्या वाचत होत्या आणि मला सारखं वाटत होतं, ह्या फार भरभर वाचताहेत, जरा थांबाव्यात, एखादं अक्षर लागू नये. मला त्या माणसाची फार आठवण येते. आपल्या आयुष्यात येऊन आपली साडी उलटी करणारी माणसं किती असतात?

पण तो दसरा त्यांना मिळाला, आणि मी तो बघितला.

ती आली नवरात्राच्या सातव्या माळेला. सडपातळ, ठेंगणी, नाक हुबेहूब बापाचं. रिक्षातून उतरली, वाकून वडलांच्या पायांना हात लावला. त्यांनी ‘प्रवास झाला का?’ विचारलं. एवढंच. आणि ती बॅग उचलून थेट जिना चढून माझ्या खोलीत आली.

‘मॅडम, मी इथं राहिले तर चालतं? या घरचं अन्न मला संपलंय. तुमची चूल वेगळी आहे. तुमच्याकडं जेवते.’

मी कपाळाला हात लावला. एका घरात असले दोन म्हणजे फार झाले. चार दिवस ती माझ्याकडे जेवली. खाली जायची, वडलांच्या खोकल्याला काढा करून द्यायची, त्यांच्या चादरी धुवायची आणि उलट्या वाळत घालायची, पण त्यांनी पुढे केलेला पाण्याचा पेला तेवढा घ्यायची. पाणी अन्नात धरायचं नाही, असं दोघांचं न बोलता ठरलं होतं. बाप खाली एकटा जेवायचा, लेक वर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटे उठून मार्केटला गेले. दहाला कोंबडी शिजून पंख्याखाली निवत होती. अकराला त्यांनी गाभ्याचे तंतू काढले. आम्ही वरून सगळे आवाज ऐकत होतो. ती माझ्या कॉटवर बसून होती आणि कढल्यातला चर्र आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली. बाराला जिन्याखालून हाक आली. ‘टीचर, खाली या. दोघी या.’

तीन थाळ्या मांडलेल्या होत्या. ते उभे होते, हातात पळी धरून. मुलीकडे न बघता, थाळीकडे बघत म्हणाले, ‘तू लिहिलेलं सलाड आहे. हे या घरचं अन्न नव्हे. तुझ्या घरचं आहे. तुला चालतंय.’

हे वाक्य त्यांनी किती दिवस घोळवलं असेल! मला वाटतं पहिल्या वर्षापासूनच ते याच दाराशी उभे होते.

ती बसली. तिनं घास घेतला. चावला. मग खूप वेळ तिनं दुसरा घास घेतला नाही. बोटानं थाळीतला केळीचा गाभा बाजूला काढला, मग एक कढीपत्त्याचं पान, मग एक शेंगदाणा, आणि त्या तिन्हींकडे बघत राहिली.

‘अप्पा,’ ती म्हणाली, ‘हे माझ्याकडचं नाही.’

‘तूच लिहिलीस.’

‘मी लिहिलेलं वेगळं लागतंय. ही आईची कोशिंबीर आहे. गाभ्याची. वरून फोडणी घातलेली. आईच्या कोशिंबिरीत तुम्ही कोंबडी घातलात.’

ते पुढे झुकले, तिच्या थाळीतला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा ते हे अन्न खात होते असं वाटलं.

मुलीनं थाळी हळूच पुढे सारली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. ‘मग मला चालत नाही,’ ती म्हणाली. ‘हे या घरचं आहे.’

ज्या माणसानं एका शब्दासाठी अकरा वर्षं चपला झिजवल्या, तो आता कुठलं दार शोधतो ते मी बघत होते. ते शोधत होतेच. थाळीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पळीकडे बघितलं. मग त्यांनी थाळी पुन्हा तिच्यापुढे सरकवली, पातेल्यात पळी घातली आणि काठोकाठ भरून काढली.

‘आणि थोडं घे,’ ते म्हणाले.